होळीच्या आठवड्यातला राजीनामा

सगळ्यांत आधी मावशी. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. मोलगीच्या वरच्या डोंगरातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नात्यानं माझी कुणीच नाही. मी तिला मावशी म्हणतो. ती मला भाऊ म्हणते आणि अरे-तुरे करते, कारण तिच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. कलेक्टर आला तरी 'तू कधी आला?' असंच विचारील. तिनं काय केलं ते पुढं येईलच. पण आज माझ्या हातात जे काही थोडंफार उरलंय ते तिच्यामुळे, एवढं आधी लिहून टाकल्याशिवाय मला पुढचं लिहवणार नाही. त्या वेळी मी तिच्यावर ओरडलो होतो, हेही लिहून टाकतो.

मी नववीतून शाळा सोडली. आमचं घर चंदगडच्या खाली, गोव्याच्या हद्दीजवळ, काजूच्या रानात. तिथून नंदुरबारला येणं म्हणजे राज्याचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. शीतगृहाची यंत्रं बसवणाऱ्या ठेकेदाराबरोबर पाइप उचलायला आलो होतो. यंत्र बसलं, ठेकेदार गेला, मी राहिलो. कॉम्प्रेसरचा आवाज बिघडला की मला आधी कळायचं, म्हणून मिरचीच्या कंपनीनं ठेवून घेतलं. पथारीवर, म्हणजे उघड्या माळावर पसरून, वाळलेली मिरची आमच्याकडे यायची, बायका देठ खुडायच्या, मग तिची पूड व्हायची आणि तिच्यातून लाल रंगाचा अर्क काढून परदेशी जायचा. मी थंड खोल्या सांभाळायचो. कायम कामगार. स्वभाव घाबरट. साहेबानं हाक मारली की काही केलेलं नसतानाही माझ्या तोंडात आधी 'चुकलं' हाच शब्द येतो. आजही येतो.

कंपनीच्या मालकानं एका वर्षी पगारवाढ दिली नाही, त्याऐवजी आम्हांला मालक केलं.

त्याचा मोठा समारंभ झाला. मांडव, फेटे, नारळ. आम्ही चाळीस कायम कामगार खुर्च्यांवर, आणि मावशीच्या टोळीतल्या रोजंदारीच्या बायका मागं सतरंजीवर. मालक पुण्याहून कोट घालून आले होते. म्हणाले, "आजपासून इथं कुणी कामगार नाही. सगळे भागीदार!" आणि प्रत्येकाच्या हातात एकेक लखोटा दिला. बायकांना स्टीलचे डबे दिले. डब्यात निदान भाकरी तरी मावते. लखोट्यात पाच पानांची इंग्रजी आणि वर मराठीत एक ओळ होती: कर्मचारी समभाग पर्याय योजना.

म्हणजे शेअर नव्हे. शेअर घ्यायचा हक्क. तोही लगेच नाही. चार वर्षं नोकरीत टिकलात तर दरवर्षी थोडा थोडा मिळणार, आणि तो वापरायचा तर ठरलेल्या भावानं आधी आपणच पैसे भरायचे. बाजारात या कंपनीचा शेअर नव्हताच, त्यामुळं तो हक्क विकायचा कुठं, हे विचारायची सोय नव्हती. मी विचारलंही नाही. मी तो कागद लॅमिनेट केला. खोलीच्या भिंतीवर लावला. असा मी मालक.

काट्यावरचा ऑपरेटर, म्हणजे ट्रक वजन करणारा नंदुरबारचाच माणूस, दुसऱ्या दिवसापासून मला गेटवर अडवायला लागला. "काय मालक, चहा पाज ना भो!" त्यालाही तेवढाच लखोटा मिळाला होता. तरी मालक मीच, कारण कागद भिंतीला लावणारा मी एकटाच होतो.

पण खरं सांगायचं तर त्या कागदावर माझा जीव होता. हिशेबाच्या खोलीतल्या एकानं सांगितलं होतं की कधी ही कंपनी कुणी मोठ्यानं विकत घेतली, तर या हक्काचे रोख पैसे हातात येतात. मी मनात चंदगडच्या बाजारपेठेतला एक गाळा धरून ठेवला होता. फ्रीज आणि थंड यंत्रं दुरुस्तीचा. बायको-मुलगी तिकडेच, वर्षातून दोनदा मी पाहुण्यासारखा जाणारा. मुलगी मला दारात बघून आत आईला सांगायची, "बाबा आलेत," आणि मग आतच राहायची. हे पैसे आले तर मी घरी जाणार होतो. एवढंच होतं माझं. दुसरं काही नाही.

आणि मग खरोखरच विकत घेणारे आले.

फंडवाले म्हणायचे त्यांना. तीन जण, विमानानं सुरतेला उतरून गाडीनं आलेले, पायांत पांढरे बूट. मिरचीच्या गोदामात पांढरे बूट! आत पाऊल टाकलं आणि तिघांना एकदम ठसका लागला. बायका देठ खुडता खुडता तोंडाला पदर लावून हसल्या. एकाचे डोळे इतके वाहिले की मावशीनं आपल्या कळशीतलं पाणी दिलं. त्यानं ते बाटलीतलं नाही म्हणून घेतलं नाही, आणि तसाच रडत बाहेर गेला. मग एसी असलेल्या खोलीत पडदा लावून आम्हांला दीड तास समजावण्यात आलं की जागतिक बाजाराची रचना बदलते आहे. परदेशातले खाद्यवाले आता कृत्रिम रंग सोडून नैसर्गिक रंग मागतात. ते वीस छोट्यांकडून घेत नाहीत, एका मोठ्याकडून घेतात. म्हणून फंड पाच कंपन्या विकत घेऊन एक करणार. हे चार वाक्यांत सांगण्यासारखं होतं, आणि मिरची बाजारातल्या कुठल्याही अडत्यानं चहा पिता पिता सांगितलं असतं. पण त्याला पडदा नसतो, आणि बाण असलेली चित्रं नसतात. शेवटच्या चित्रात एक माणूस शिडीवरून चढत होता. तो कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

विक्री एकतीस मार्चला. त्याआधी आमचे एच. आर. साहेब कामाला लागले. हे साहेब नवीन, बाहेरगावचे, नंदुरबारला 'हार्डशिप पोस्टिंग' म्हणणारे. त्यांनी आम्हां चाळीस जणांना एकेक कागद दिला. राजीनामा. इंग्रजीत छापलेला, खाली सहीची रेघ, तारखेची जागा मोकळी.

"घाबरायचं काही नाही," साहेब म्हणाले. "जस्ट फॉर्मॅलिटी. आज राजीनामा, उद्या ठेकेदाराच्या नावावर जॉइन. काम तेच, पगार तोच, मशीन तेच. नवीन लोकांना आकडे स्वच्छ हवेत, एवढंच. अठ्ठावीसच्या आत सगळे कागद माझ्या टेबलावर पाहिजेत."

"आणि साहेब, आमचे ते समभाग?" एवढं मी विचारलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत धाडसी वाक्य.

"ते सगळं प्रोसेसप्रमाणे होईल."

सही करणाऱ्याला केकचा तुकडा होता. मी खोटं लिहीत नाही, खरंच केक होता, वर 'नवी सुरुवात' लिहिलेला. काट्यावरच्यानं पहिल्याच दिवशी सही केली. बोटाला लागलेलं क्रीम चाटत मला म्हणाला, "तू का घाबरस रे? सही करी टाक. मी त करी बी टाकी. केक बी भेटना."

मी दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी साहेब थंड खोलीच्या दारातून नुसते घड्याळाकडे बोट दाखवून गेले, आणि मी तिथंच मिरचीच्या पोत्यावर कागद ठेवून सही केली. तारीख घालायची राहिली. द्यायला गेलो तर केबिनला कुलूप. साहेब जेवायला हायवेवरच्या हॉटेलात. ही एक गोष्ट मी आयुष्यभर मानीन, की त्या माणसाला जेवणाची घाई माझ्या राजीनाम्याहून जास्त होती.

तोवर गेटवर जीप लागलेली. होळीचा आठवडा. आमच्या साहेबांनी अठ्ठावीस तारीख धरताना कॅलेंडरमध्ये लाल रंगाचा एक दिवस बघितला असेल. सातपुड्यात होळी एका दिवसात संपत नाही, ती गावागावाला वेगवेगळ्या दिवशी असते आणि डोंगर आठ-दहा दिवस खाली उतरत नाही. हे इथल्या पानटपरीवाल्यालाही ठाऊक. कंपनीत जुन्या मालकाच्या वडिलांपासून होळीची रजा ठरलेली, गेटवरच्या वहीत नाव लिहायचं की झालं. बॉयलरवाला, हमाल, वॉचमन असे पंधरा-सोळा कायम कामगार डोंगरातले. त्यांनी नावं लिहिली, राजीनामे बिनसहीचे घडी करून घेतले आणि जीपमध्ये जाऊन बसले. घरी विचारतो म्हणाले. साहेबांना वाटलं, संध्याकाळी विचारून सकाळी येतील.

मावशीनं मला बघितलं. "तुझं तोंड असं का झालं रे भाऊ? ताप आला का तुला?"

"काही नाही मावशी. हा कागद द्यायचाय, साहेब नाहीत."

"बघू."

तिला वाचता येत नाही. तिनं कागद उलटा-सुलटा केला, सहीवर बोट ठेवलं. "हे तू लिहिलं?"

"हो."

"कुणाला विचारलं?"

"कुणाला विचारणार? माझा मीच."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी उपाशी पोरं घरी ठेवून तमाशाला गेलो होतो. "एकट्यानं सही केली? बसला नाही कुणाबरोबर? आमच्यात बकरी विकायची तरी चार माणसं बसतात." आणि तिनं त्या कागदाची घडी केली, पदरात घातली, गाठ मारली आणि जीपमध्ये चढली.

"मावशी, कागद!"

"होळी झाल्यावर देते."

"अहो मावशी, अठ्ठावीस तारीख आहे! नोकरी जाईल माझी!"

"मग चल बरोबर. जागा आहे."

जीप सुरू झाली. सगळी जीप हसत होती. मी गेटवरच्या वॉचमनला ओरडून सांगितलं, "माझी पण रजा मांडा वहीत," आणि मागच्या पायरीवर चढलो. मी होळीला चाललो नव्हतो. मी माझ्या कागदामागं चाललो होतो.

अक्कलकुव्यापासून मोलगीपर्यंत मी तिला तीनदा कागद मागितला. मोलगीला बाजार भरलेला. तिनं मीठ, गूळ आणि नातेवाइकांसाठी खजूर घेतला, आणि माझ्या हातात पिशवी दिली. तिथून पुढं पायवाट. मोलगी सुटली तशी मोबाइलची रेंजही सुटली. मी दर दहा पावलांवर मोबाइल वर धरायचो. बॉयलरवाला म्हणाला, "भाऊ, हात दुखतील. देव पण इथं चालतच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली सगळे बसले. कंपनीतले पंधरा-सोळा, गावातले तेवढेच, आणि मावशीचा म्हातारा बाप. तो मूळचा नर्मदेकाठचा, मणिबेलीच्या बाजूचा. गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर वर येऊन राहिलेला. मावशीची मुलगी तळोद्याला कॉलेजात, तिला मधे बसवलं होतं. माझा लॅमिनेट केलेला कागद नंदुरबारला भिंतीवरच होता, पण बॉयलरवाल्यानं आपला लखोटा पत्र्याच्या पेटीतून काढून आणला होता, अजून चिकटलेला. इतक्या वर्षांत त्यानं तो उघडलाच नव्हता. मी मालक म्हणून मिरवत होतो तेव्हा त्याला तो कागद पेटीच्या तळाला घालायच्या लायकीचा वाटला होता.

मुलगी वाचत होती आणि आपल्या बोलीत सांगत होती. मग माझ्यासाठी मराठीत. दोन ठिकाणी अडली, मोबाइलमधल्या शब्दकोशात बघितलं. म्हातारा डोळे मिटून होता. त्याला समभाग, पर्याय कशात रस नव्हता. त्यानं एकच विचारलं, "विकायची तारीख कोणती?"

"एकतीस," मी म्हणालो.

"आणि तुमच्या कागदावरची?"

"अठ्ठावीसच्या आत."

"मग विकायच्या दिवशी तू आत, का बाहेर?"

मुलीनं पानं मागं उलटली आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, कंपनी विकली गेली तर त्या दिवशी नोकरीत असलेल्यांचे हक्क रोखीत चुकते होतील. त्याच्याच खाली, नोकरी सोडल्यास वापरलेले नाहीत ते सगळे हक्क त्याच दिवशी संपतील आणि कंपनीकडे परत जातील.

म्हातारा म्हणाला, "आम्ही उठलो तेव्हा माझ्या भावाचा मुलगा सरकारी कागदावर एका तारखेपायी लहान राहिला. लहान म्हणून त्याला वेगळी जमीन नाही. त्याला मिशा होत्या." एवढं बोलून तो तंबाखू मळायला लागला. त्याला वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, सांगायचं होतं.

आता इतकं कळल्यावर माणसानं शांत बसावं. मी बसलो नाही. कळणं आणि भीती जाणं यांचा माझ्या बाबतीत फारसा संबंध नाही. गावात लोक कमरेला घुंगरं आणि पोकळ भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून, अंगावर राखेचे ठिपके काढून नाचत होते, आणि मी टेकडीवर जाऊन रेंज शोधत होतो. एका दगडावर उभं राहिलं की रेंजची एक काडी यायची. त्या काडीवर साहेबांचे सव्वीस मिस्ड कॉल आले आणि एक मेसेज: उद्यापर्यंत आला नाहीस तर कायमचा बाहेर समज.

मी धावत खाली आलो. मावशी भगर निवडत होती. "मावशी, कागद द्या. मला नाही जमायचं. जे व्हायचं ते होऊ दे."

"काय लिहिलं त्यानं?"

"कायमचा बाहेर."

"कागद दिला तर?"

"...तरी बाहेरच. पण साहेब चिडणार नाहीत."

ती हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. "तो चिडेल म्हणून तू घरी जायचं सोडणार? तुझी पोरगी आहे ना तिकडं?"

मी तिच्यावर ओरडलो. माझ्या कागदाला हात लावायचा तुला काय हक्क, असं काहीतरी. तिच्याच अंगणात, तिचं अन्न खाऊन, तिच्या बापासमोर. तिनं ऐकून घेतलं, पदराची गाठ दातांनी अजून आवळली आणि भगर निवडायला लागली. संध्याकाळी माझ्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढलं.

आम्ही खाली उतरलो ते दोन एप्रिलला. सोळा जण आणि मी. साहेबांना ओरडायचं होतं, पण वहीत रजा मांडलेली होती, पंधरा-सोळा माणसं एकदम काढायची तर महिन्याची नोटीस लागते, आणि आता ज्याच्यासाठी घाई होती तो दिवस उलटून गेला होता. ते फक्त म्हणाले, "यू पीपल." पुढं शब्द सापडला नाही. 'नवी सुरुवात'चा केकसुद्धा संपला होता.

पुढच्या आठवड्यात बोर्डावर यादी लागली. विक्रीच्या दिवशी नोकरीत होते त्यांची. काट्यावरचा ऑपरेटर माझ्या खांद्यावरून बघत होता.

"मन्हं नाव देख ना भो. खाले शे का?"

खाली नव्हतं. वरही नव्हतं. तेवीस जणांनी केक खाल्ला होता. त्यांचे परत गेलेले हक्क कुणाला मिळाले तेही नंतर कळलं: वरच्या काही साहेबांना, 'बदलाच्या काळात टिकून राहिल्याबद्दल'. त्यांत आमचे एच. आर. साहेबही होते. आम्हांला भागीदार म्हणायला ज्यांनी मांडव घातला, त्यांनीच, भागीदार कमी केले की उरलेल्यांचा वाटा वाढतो, हे पहिलीतलं गणित पडद्यावर बाण काढून केलं. आणि या कामासाठी विमानानं येतात! चोरीला एवढी शिकलेली माणसं लागतात, हे मला शाळेत असताना माहीत असतं तर मी नववीतच का, सातवीत शाळा सोडली असती. काट्यावरच्यानं त्या दिवसानंतर मला मालक म्हटलं नाही. मला ते ऐकावंसं वाटत होतं.

माझ्या खात्यावर पैसे आले. स्वप्नात होते तेवढे नाहीत. चंदगडला गाळ्याची अनामत भरून जुनी हत्यारं घेण्यापुरते. मी अनामत भरली. दिवाळीनंतर मी घरी जाणार आहे. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रोज?"

मे महिन्यात नव्या मालकांनी आम्हां उरलेल्या सतरा जणांनाही रीतसर नोटीस देऊन ठेकेदाराकडे टाकलं. आणि देठ तोडायचं यंत्र आणलं. मावशीची टोळी एका शनिवारी संपली. त्या बायकांना लखोटा नव्हता, चौथं पान नव्हतं, तारीख नव्हती. सोमवारी येऊ नका, एवढंच. ज्या बाईच्या पदराच्या गाठीत माझं घर राहिलं, तिला या सगळ्या जागतिक रचनेत एका ओळीचीही जागा नव्हती.

मी मोलगीच्या बाजारात तिला गाठलं आणि पैशांचं पाकीट पुढं केलं. तिनं हात मागं घेतले.

"हे काय? मी काय विकलं तुला?"

"मावशी, तुमच्यामुळं मिळालं."

"तुझं होतं ते तुला मिळालं." मग म्हणाली, "द्यायचं असेल तर लाहीला ये. घर पडायला आलंय. पुढच्या उन्हाळ्यात नाहीतर त्याच्या पुढच्या, लाकूड जमेल तेव्हा बांधायचं. लाहीत सगळं गाव बिनपैशाचं कामाला येतं, आज माझ्याकडं, उद्या त्याच्याकडं. जेवण माझं. तू वासे उचल." आणि मग, माझे हात बघून, "तुला वासे जमतील ना?"

मी त्या दिवशी बॉयलरवाल्याला माझा चंदगडचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, लाकूड जमलं की टेकडीवरच्या त्या दगडावरून एक फोन कर. मावशी, तू हे वाचणार नाहीस, तुझी मुलगी वाचून दाखवील. तू मला आठ दिवस डोंगरावर धरून ठेवलंस. ते आठ दिवस मी तुला परत करीन. गाळा बंद ठेवून येईन, नवा साहेब, नवं गिऱ्हाईक, जे कुणी असेल ते चिडलं तरी येईन. भीत भीत येईन, पण येईन.